नणंदेची कोंबडी

मानमोडी आली की कोंबडी आधी पेंगते, मग हिरवं हगते, मग तिची मान पिरगळते, आणि बघता बघता अख्खं खुराडं रिकामं होतं. आजार आल्यावर औषध नाही. लस आधीच द्यावी लागते, पण लसीची एक बाटली फोडली की ती शंभर कोंबड्यांची असते आणि उरली तर टाकून द्यावी लागते. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, "गल्लीतल्या मिळून शंभर जमवा, मी येतो." आमच्या गल्लीत चार बायका नळावर भांडल्याशिवाय जमत नाहीत, तिथे शंभर कोंबड्या कोण जमवणार?

त्यामुळे होळीनंतर मोटारसायकलवरून कोंबड्या घ्यायला येणारा माणूस जेव्हा म्हणाला, "शहागडकडं लई मर लागली बाई, गावंच्या गावं साफ झाली," तेव्हा मी त्याला अंगणाबाहेरच थांबवलं आणि तिथूनच वाटेला लावलं. पऱ्हाट्यांच्या कुंपणाची भोकं बुजवली. फाटकाशी चुना टाकला. बाहेरचं पीससुद्धा आत येऊ द्यायचं नाही असं ठरवलं. सासूबाई हसल्या. हसू देत. या घरात शेतात काय पेरायचं इथपासून पाहुण्यांना काय वाढायचं इथपर्यंत सगळं कुणाला तरी विचारून होतं. कुणालाही न विचारता मी सांभाळलेली गोष्ट एकच, माझ्या कोंबड्या. त्यात अंड्यांवर बसलेली एक खुडूक नुकतीच पिल्लं घेऊन उठली होती.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात नणंदबाई आल्या. शहागडकडून. हातात वायरची पिशवी, आणि पिशवीतून बाहेर आलेलं कोंबडीचं डोकं.

नणंदबाई चार वर्षांनी येत होत्या. त्यांच्या मुलीच्या लग्नात नवरीच्या पाठीशी मामा म्हणून आमच्या ह्यांनी उभं राहायचं होतं. हे बाहेर जीप लावत होते, मुहूर्ताची घाई झाली, आणि त्यांच्याकडच्या कुणीतरी आपलाच माणूस मामाच्या जागी उभा केला. हे मांडवातूनच न जेवता परत फिरले. तेव्हापासून येणं नाही, जाणं नाही, फोन नाही. सासूबाई लेकीचं नावही काढत नसत, आणि ते न काढणंच घरभर ऐकू यायचं.

"माहेरी रिकाम्या हातानं कसं यावं वैनी," म्हणत त्यांनी पिशवी पुढे केली.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. माहेराला आणलेली भेट परत करायची म्हणजे आणणारीला परत पाठवायचं. मी पिशवी घेतली. हात लावताना अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

"ताई, तुमच्याकडं मानमोडी हाय म्हणत्यात?"

"न्हाई न्हाई. आमच्याकडं काही न्हाई."

मी कोंबडी ओसरीच्या टोकाला बांबूच्या डालग्याखाली झाकली, वर दगड ठेवला, साबणाने हात धुतले. नणंदबाई माझ्या हातांकडे बघत राहिल्या. आत सासूबाईंनी लेकीला जवळ घेतलं होतं आणि दोघी बोलायच्या सोडून नुसत्या रडत होत्या. मी चहा टाकला, पण सगळं लक्ष ओसरीवर. माझ्या दोन तलंगा, नुकत्या वयात आलेल्या कोंबड्या, डालग्याभोवती घुटमळायला लागल्या. मी धावत जाऊन हाकलल्या. पुन्हा आल्या. पुन्हा हाकलल्या.

"कोंबडीला असं डांबून ठेवत्यात का?" सासूबाई बाहेर येत म्हणाल्या. "सोड की तिला. आपल्यातच चरंल."

आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी दगड बाजूला केला.

"आत्याबाई, डालगं उचलू नका!"

मी सासूबाईंवर ओरडले. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. त्या जागच्या जागी थांबल्या. मी खाली वाकून बघितलं. कोंबडी पिसं फुलवून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, आणि खाली जमिनीवर हिरवं पाणी.

मी नणंदबाईंकडे बघितलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं? त्यांचा चेहरा पडला.

"सगळ्या मेल्या वैनी," त्या म्हणाल्या. "एकही न्हाई राह्यली. ही तेवढी जिवंत होती. हिला मरताना बघवंना. तुमच्या हाताला कोंबडी जगती म्हणून घेऊन आल्ते."

मला भयंकर राग आला. स्वतःचं खुराडं गेलं म्हणून माझ्या पिल्लांत मरण आणून ठेवलं होतं या बाईने, वर भेट म्हणून. आणि त्याच वेळी हेही कळत होतं, की चार वर्षांचा अबोला मोडून ती माझ्या हातावर भरवसा ठेवून आली होती. राग त्याने कमी झाला नाही. उलट वाढलाच, कारण आता तिला धड हाकलताही येईना.

"ही कोंबडी या अंगणात राहणार न्हाई," मी म्हणाले.

"मंग माझी लेकही राहणार न्हाई, असंच म्हण की," सासूबाई म्हणाल्या.

नणंदबाईंनी कोंबडी पुन्हा पिशवीत घातली आणि पिशवी उचलली. "आई, वैनींचं बराबर हाय. जाते मी."

त्या फाटकापर्यंत गेल्या. आता बाहेर पडल्या तर पुन्हा या घराची पायरी चढणार नाहीत, हे तिघींनाही माहीत होतं.

"ताई," मी हाक मारली. "आखाड्यावर चला."

आमचा आखाडा गावापासून लांब, मोसंबीच्या बागेत. एक खोली, पुढे पत्र्याचं छप्पर, बाजूला विहीर. तिथे कोंबडी नाही. मी अट घातली की कोंबडीजवळ राहील त्याने घरी यायचं नाही, आणि नणंदबाईंनी ती मान्य केली. चार वर्षांनी माहेरी आलेली लेक रानात राहिली. ओसरीचं ते टोक मी चुन्याने धुऊन काढलं. मी भाकरी घेऊन जायची ती बांधावर ठेवून परत यायची. घरी येण्याआधी विहिरीवर पाय धुवायची, चप्पल फाटकाबाहेर काढायची. सासूबाई माझ्याशी बोलेनात. शेजारणीला मात्र मला ऐकू जाईल असं सांगत, "कोंबडीपायी लेक रानात ठेवली."

हे परतूरच्या बाजारात हरभरा घालून आले तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. बाज डोक्यावर घेतली आणि निघाले.

"कुठं?"

"तिला एकटीला रानात ठेवून राह्यले व्हय तुम्ही?" एवढंच म्हणाले.

ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. सकाळी खुराड्याची फळी सरकवायची. एकेक कोंबडी बाहेर येईल तशी मोजायची. कुणी जरा डोळे मिटले की उचलून बघायची. एकदा एक तलंग मान वाकडी करून उभी दिसली आणि मी हातातलं टाकून धावले. ती पिसांत चोच घालून खाजवत होती.

तिकडे नणंदबाई त्या कोंबडीची चोच उघडून थेंब थेंब गुळाचं पाणी पाजत होत्या. मान पिरगळली तरी पाजत होत्या. बांधावरून मला दिसायचं. आत जाऊन जवळ बसावं असं फार वाटायचं, पण गेले नाही. मग एका सकाळी मी भाकरी घेऊन गेले तर बहीणभाऊ दोघं मिळून बागेच्या कडेला खड्डा करत होते. ह्यांनी चुना टाकला, त्यांनी माती लोटली. दोघं बोलत होते, हळू आवाजात. काय ते मी विचारलं नाही.

नणंदबाईंनी विहिरीवर अंघोळ केली, डोक्यावरून. अंगावरचं लुगडं तिथेच उकळायला टाकलं. माझं नेसल्या आणि मगच घरी आल्या. आल्या तरी माझ्या कोंबड्यांपासून दूर, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. सासूबाईंनी पुरणाचा घाट घातला. माझ्या कोंबड्या सगळ्या धड होत्या.

निघायच्या वेळी मी एक तलंग धरून आणली. अंड्यावर येणारी, सगळ्यात गुणी. "ताई, ही न्या."

त्यांनी हात मागे घेतला.

"आत्ता नको वैनी. आमच्या अंगणात अजून मर हाय. नेली तर ही पण मरंल." मग तलंगेकडे बघत म्हणाल्या, "पंचमीला येते न्यायला. तवर तुमच्याकडंच राहू द्या. पायाला चिंधी बांधून ठेवा, म्हंजे माझी कोणती ते कळंल."

नागपंचमीला गावोगावच्या लेकी माहेरी येतात. चार पंचम्या आमच्या दारातला झोका रिकामाच हलला होता.

मी चिंधी शोधायला आत वळले, तेवढ्यात मागे कापड फाटल्याचा आवाज आला. सासूबाईंनी नेसत्या लुगड्याचा काठ टरकन फाडला होता. हात पुढे करून त्या माझ्याशी कितीतरी दिवसांनी बोलल्या.

"घट्ट बांध," म्हणाल्या.