ब्रेकमास्तर बायकोशेजारी बसतात

ब्रेकमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण दुसऱ्या कुठल्या नावाने विचारलंत तर गावात कोणी त्यांचं घर दाखवणार नाही. निम्म्या गावाला त्यांनी गाडी शिकवली. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्याने घोळ घातला की मास्तरने तो दाबायचा. आपले मास्तर घोळ व्हायची वाट बघत नसत. लांबवर एखादं कुत्रं नुसतं जांभई देताना दिसलं, की यांचा पाय खाली! शिकणारे मनातल्या मनात शिव्या घालायचे. पण त्या गाडीला कधी ओरखडा पडला नाही, हेही तितकंच खरं.

घरात मात्र दिव्याखाली अंधार. बायकोने लायसन्स काढलं होतं, पण नवरा शेजारी बसला की दर चौकात कचकन ब्रेक. एकदा तिने भर रस्त्यात गाडी बंद केली, चावी त्यांच्या मांडीवर टाकली, "तुमची गाडी तुम्हालाच लखलाभ!" म्हणाली आणि तरातरा चालत घरी गेली. त्यानंतर वर्षानुवर्षं तिने स्टिअरिंगला हात लावला नाही.

म्हणून मास्तरांनी शिकवणं बंद केल्यावर, "आपल्या शिकवायच्या गाडीनेच किनाऱ्याकिनाऱ्याने फिरून येऊ, गाडी तू चालव," असं म्हटलं, तेव्हा तिने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

खरी गोष्ट वेगळीच होती. मास्तरांचा उजवा पाय घोट्याखाली बधिर होत चालला होता आणि मधूनच उचलायचाही नाही. डॉक्टर तळव्याला सुई लावत होते आणि मास्तर छताकडे बघत म्हणाले, "टोचा की." टोचून झालं होतं. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. सहल तर बायकोला कधीपासून कबूल केलेली. ती मोडवेना, आणि खरं सांगायला जीभ रेटेना. मास्तर मूग गिळून बसले.

बायको चांगली चालवत होती. सुरुवातीला गिअर कुरकुरले, मग तिचा हात बसला. खाली पाण्यात डॉल्फिन उसळ्या मारताना दिसले, तशी ती गाडी कडेला घेऊन लहान मुलीसारखी टाळ्या पिटू लागली. पडक्या किल्ल्यांपाशी ती थांबायचीच. तिचा जन्म वाचनालयातल्या नोकरीत गेलेला. कोणी तोफा चढवल्या, कोण शरण आलं, एकूण एक पाटी वाचल्याशिवाय हलायची नाही. मास्तर तेवढ्या वेळात लोकांनी गाड्या किती वाकड्या लावल्यात ते बघत उभे राहायचे.

दुपारी झाडीतलं एक वळण संपलं आणि हरणांचा कळप रस्त्यावर उतरला. मास्तरांना तो आधी दिसला. त्यांनी पाय दाबला, म्हणजे त्यांना तसं वाटलं. खाली बघतात तर बूट होता तिथेच, ब्रेकच्या शेजारी, कोणा परक्या माणसाचा असावा तसा. गाडी मात्र थांबली होती. हरणं अगदी बॉनेटपुढून गेली आणि वाळूकडे उतरली.

बायकोने हँडब्रेक ओढला. मग तिने त्यांच्या पायाकडे पाहिलं.

"अहो, तुम्ही ब्रेक दाबला नाहीत?"

"नाही."

"जन्मात पहिल्यांदा!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या चहाच्या टपरीवर उतरल्या उतरल्या तिने लेकीला फोन लावला. "अगं, बाबांनी पायसुद्धा हलवला नाही! माझ्यावर सोडलं सगळं!" मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती इतकी खुशीत होती, की त्यांनी विचार केला, राहू दे, कोणाचं काय बिघडतंय?

टपरीपुढे रस्ता फुटत होता. एक आतून, सरळ. दुसरा कड्यावरून, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. सकाळी तिने आतला रस्ता ठरवला होता.

"कड्यावरूनच जाऊ," ती आता चावी फिरवत म्हणाली. "तुमचा पाय आहेच की ब्रेकवर. मला कसली भीती?"

"थांब," मास्तर म्हणाले. "पाय नाहीये."

"म्हणजे?"

"मी दाबायला गेलो होतो. पाय उठलाच नाही. कधीपासून असंच आहे. म्हणून गाडी तुला दिली."

तिने गाडी बंद केली. वाकून त्यांच्या बुटाचं टोक हाताने करकचून दाबलं.

"कळतंय?"

"नाही."

"आणि हे मला आत्ता सांगताय!" ती इतकी ओरडली की टपरीवाला बाहेर आला. "सकाळपासून मी कोणाच्या जिवावर चालवत होते मग?"

"तुझ्याच."

ती बराच वेळ रडली. त्यांच्यासाठी रडली, आणि थोडी रागाने. मग तिने पदराने तोंड पुसलं, आरसा नीट केला आणि गाडी कड्याच्या रस्त्याला वळवली. मास्तरांनी ब्रेकपाशी ठेवलेले दोन्ही पाय मागे घेतले. डावा आपणहून आला. उजवा हाताने उचलून घ्यावा लागला.