आत्यानं पाठवलंय

“ऐकलेलं ऱ्हाऊ द्या. दावा बरं,” असं म्हणून ती मान थोडी पुढं काढायची आणि बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हाताकडे बघत बसायची. हात काही दाखवेल तर खरं, नाहीतर सगळं बोलणं वाया, असा तिचा हिशेब. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्याला गूळ गोड आहे हे सांगून पटत नाही, खडा हातावर ठेवावा लागतो.

वडवणीत एका खताच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन मी संगणकाचा वर्ग चालवतो. काही वर्षांपूर्वी घरटी एका माणसाला संगणक आणि इंटरनेट फुकट शिकवायची सरकारी योजना आली होती. यादीत बहुतेक कॉलेजची मुलं-मुली. त्यात एका बाजारच्या दिवशी वडापची, म्हणजे भाड्याने माणसं भरून नेणारी, जीप चालवणारा एक तिशीचा माणूस जिना चढून आला आणि त्याच्या मागून ती. तो तिच्या भावाचा मुलगा. “आत्याला शिकायचंय,” एवढंच सांगून तो गाडी भरायला निघून गेला. त्या दिवसापासून वर्गातली मुलं, मी, खालचा खतवाला, सगळेच तिला आत्या म्हणू लागलो.

पन्नाशी कधीच ओलांडलेली. शाळा तिसरीपर्यंत. बालाघाटच्या पायथ्याला वस्ती आणि सगळी हयात मेंढरांमागे गेलेली. पुण्याकडे कंपनीत असलेल्या मुलाने तिला मोठा फोन घेऊन दिला होता. नातू त्यात दिसायचा, पण फोन लावायला दर वेळी कुणातरी पोरासोराला हाक मारावी लागायची. ते तिला नको होतं. “माझ्या नातवाला बघायला मी काहून कुणाच्या पाया पडू?” असं तिने पहिल्याच दिवशी विचारलं. शिकण्याचं याहून चांगलं कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

इंग्रजी अक्षरं तिने आपल्या पद्धतीने ओळखीची करून घेतली. ए म्हणजे राहायला ठोकलेलं पाल, टी म्हणजे खांब, डब्ल्यू म्हणजे मेंढ्याची शिंगं. दीडशे मेंढरांतलं प्रत्येक तोंडावरून ओळखणाऱ्या बाईला सव्वीस अक्षरं जड जाणार नव्हती. अडचण वेगळीच यायची. तुम्ही टाइप केलेलं पत्र आता संगणकात साठवलं गेलं, असं मी एकदा सांगितलं. ती म्हणाली, दावा बरं. मी पडद्यावर फाइल उघडून दाखवली. ती म्हणाली, हे तर बाहेर दिसतंय, आत कुठं हाय? शेवटी मी स्क्रू काढून डबा उघडला. तिने आत वाकून धूळ पाहिली, पंखा पाहिला, तारा पाहिल्या, आणि पत्र काही सापडलं नाही, तरी मी लपवलं नाही एवढ्यावर तिचं समाधान झालं.

बोलून लिहायची सोय दाखवली तेव्हा तर वर्गात तमाशाच झाला. ती फोनला म्हणाली, मेंढरं लई दमल्यात. फोनने भलतंच काहीतरी लिहिलं. मी सुचवलं की जरा पुस्तकातल्यासारखं बोला. तिने फोन माझ्या हातात देऊन शांतपणे सांगितलं, “मी न्हाई बदलत. त्यालाच जरा हिकडं फिरवा चार दिस.”

तिसऱ्या आठवड्यात एकाचा संदेश दुसऱ्याला पुढे पाठवायला शिकवलं. ते तिला फार आवडलं. नव्या कोकराचा फोटो तिने एकाच वेळी चाळीस जणांना धाडला. सोयरे, भावकी, माहेरची वस्ती. दिवसभर तिकडून उत्तरं येत राहिली आणि आत्या वर्गातलं काम सोडून ती वाचत बसली, एकेक अक्षर लावत, ओठ हलवत.

आता जे सांगायचं ते मी बरेच दिवस टाळलं आहे.

पुढच्या बाजारी ती माझ्या टेबलाशी आली आणि फोन पुढं केला. त्यात एक व्हिडिओ होता. एक माणूस रस्त्यावरचं पोर उचलून पळतो, आणि वरून मराठीत कुणीतरी सांगतं की ही टोळी आपल्या जिल्ह्यात आली आहे, फेरीवाल्याच्या वेषात फिरते, सावध राहा. ती म्हणाली, “सर, हे खरं हाय का?” मी तेव्हा वर्गाची हजेरी सरकारी साइटवर भरत होतो. साइट मधेच बंद पडायची आणि पुन्हा पहिल्यापासून भरावं लागायचं. मी फोनकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. “असेल आत्या. हल्ली काही सांगता येत नाही,” असं म्हटलं आणि पुन्हा हजेरीत डोकं घातलं. ती जागेवर गेली. तिथे बसून तिने तो व्हिडिओ त्याच चाळीस जणांना पाठवला.

चार दिवसांनी तिच्या माहेरच्या वस्तीवर, म्हणजे भाच्याच्या वस्तीवर, विळ्या-कात्र्यांना धार लावणारा एक माणूस सायकल घेऊन आला. उन्हाचा आला होता. दारात खेळणाऱ्या एका लहान पोरीकडे त्याने प्यायला पाणी मागितलं. पोरीची आई बाहेर आली, ती ओरडली, माणसं जमली. तो आपलं गाव सांगत होता, तीस वर्षं ह्या भागात फिरतोय म्हणत होता. कुणीतरी म्हणालं, व्हिडिओत सांगितलंय तसाच दिसतोय. कुणीतरी म्हणालं, आधी चौकशी करू. तेव्हा भाच्याने आपला फोन वर धरला आणि म्हणाला, “आत्यानं पाठवलंय. आत्या कम्प्युटर शिकलेली हाय, ती खोटं कशाला पाठवील?”

हे मला भाच्यानेच नंतर सांगितलं, खाली मान घालून. त्या वाक्यानंतर कुणी थांबलं नाही. शेजारच्या शेतातला एक म्हातारा त्या माणसाच्या अंगावर आडवा पडला म्हणून तो वाचला. पोलीस आले. डावा हात दोन जागी मोडला होता, चार फासळ्यांना मार होता.

आत्याला दुसऱ्या दिवशी कळलं. ती आधी पोलीस ठाण्यात गेली, फोन टेबलावर ठेवला आणि व्हिडिओ मी पाठवला म्हणून सांगितलं. तुला कुणी सांगितलं की हे खरं आहे, असं त्यांनी विचारलं. कुणी न्हाई, असं ती म्हणाली. फोन त्यांनी ठेवून घेतला. तिथून ती माझ्याकडे आली आणि बीडच्या दवाखान्यात जायचं आहे, वॉर्ड वगैरे आपल्याला उमगत नाही, बरोबर चला, एवढंच म्हणाली. भाच्यालाही तिने बोलावून घेतलं होतं. त्याला चौकशी करून सोडलं होतं आणि तो यायला तयार नव्हता. आपल्याला बघून तो माणूस आणखी घाबरेल, त्याचे नातेवाईक धरतील, असं म्हणत होता. बसस्टँडवर, लोकांसमोर, ती त्याला म्हणाली, “तू हात लावला, मी बोट लावलं. दोघांनी बी जायाचं.”

आम्ही तिघं गेलो. तो माणूस खाटेवर टेकून बसला होता. साठीचा, बारीक अंगाचा, हात प्लास्टरमध्ये. त्याची बायको उशाशी होती. भाचा दाराशीच थांबला. आत्या खाटेजवळ खाली फरशीवर बसली आणि तिने सांगून टाकलं. रडली नाही, माफ करा असंही आधी म्हणाली नाही. कुठून आलं, कधी पाठवलं, किती जणांना पाठवलं, ते सगळं नीट क्रमाने सांगितलं. मग म्हणाली, मी चुकले, आन तुमाला भोगावं लागलं.

त्याची बायको बोलायला लागली आणि बोलत राहिली. ते बोलणं इथे लिहीत नाही. ती बोलली ते खरं होतं. आत्या ऐकत राहिली.

बायको थांबल्यावर तो माणूस पहिल्यांदा बोलला. तो म्हणाला, “तो व्हिडिओ दावता का? ज्याच्यापायी मारलं, ते मी अजून बघितलं न्हाई.”

भाच्याने दारातून पुढं येऊन स्वतःचा फोन त्याच्या चांगल्या हातात दिला. त्याने व्हिडिओ दोनदा पाहिला. मग बोट ठेवून म्हणाला, ही झाडं बघा. नारळाची झाडं हायेत. रांगच हाय. आपल्याकडं कुठं ऱ्हात्यात अशी?

आत्याने फोन घेतला. तिला चष्मा सापडेना, मी शोधून दिला. तिने पाहिलं. डोंगरात कुठला पाला कुठल्या महिन्यात मिळतो हे जिला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं, ती बाई त्या पडद्यावरच्या नारळांकडे बघत राहिली. पोर पळवलेलं तिने पाहिलं होतं, झाडं पाहिलीच नव्हती. ती एवढंच म्हणाली, “मला पहिलं झाडच दिसाया पायजे व्हतं.”

परतीच्या गाडीत भाचा मागं जाऊन बसला. मी तिच्या शेजारी होतो. वडवणी जवळ आली तेव्हा मी कसंबसं म्हटलं की आत्या, तुम्ही मला विचारलं होतं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “ठावं हाय. पर बोट माझं व्हतं.” तिने पोलिसांना माझं नाव सांगितलं नव्हतं. मीही दवाखान्यात तोंड उघडलं नव्हतं. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा.

मी सुचवलं की माझ्या फोनवरून त्या चाळीस जणांना खुलासा पाठवू, व्हिडिओ खोटा आहे म्हणून. ती नको म्हणाली. कोकराचा फोटो लोक पुढं ढकलतात, चोराचा व्हिडिओ ढकलतात, पण आपण चुकलो हे कुणी पुढं ढकलत नाही, असं तिचं म्हणणं. आणि मग ती निघाली. मेंढरं नवऱ्यावर सोपवून ती महिनाभर फिरली. जिथे एसटी जाते तिथे एसटीने, बाकी पायी. वडवणीच्या आसपासच्या वस्त्या, नेकनूरकडचे सोयरे, नांदूरघाटची नणंद. चाळीस घरं, आणि त्या घरांनी पुढं ज्यांना पाठवलं होतं त्यातली जेवढी सापडली तेवढी. दारात उभं राहून सांगायची की मी पाठवलेलं खोटं होतं, एका गरीब माणसाचा हात मोडला, पुसून टाका, माझ्यासमोर पुसा. काही जण हसले. एका सोयऱ्याने तिला घरात घेतलं नाही, पोलिसांचं लचांड आपल्या दारात नको म्हणून. परीक्षेच्या दिवशी ती कुठल्यातरी वस्तीवर होती. तिचं प्रमाणपत्र आलंच नाही.

भाच्यावर आणि आणखी काही जणांवर केस झाली. ती चालू आहे. धार लावणाऱ्याचा हात जोडला गेला, पण चाक फिरवायला पूर्वीसारखा चालत नाही. तो आता बीडलाच एका दुकानाबाहेर बसतो. आत्याने त्याच्याकडे दोनदा तूप नेऊन दिलं. पहिल्यांदा त्याच्या बायकोने परत पाठवलं. दुसऱ्यांदा ठेवून घेतलं.

महिना संपल्यावर आत्या वर्गात आली, तेव्हा नवी तुकडी सुरू झाली होती. मी तिला पुढं उभं केलं. तिने मुलांना सांगितलं की माणसाकडं मागाहून बघा. आधी झाडं बघा, मातीचा रंग बघा, पाटीवरची अक्षरं बघा, सावली कुणीकडं पडली ते बघा. चुकार मेंढरू शोधताना माग काढतात तसा माग काढा. अजूनही दर तुकडीला मी हेच सांगतो. सरकारी पुस्तकात एवढं चांगलं लिहिलेलं नाही.

त्यानंतरच्या वर्षी डोंगराखालच्या त्यांच्या चराईला कुंपण पडलं, सौर पट्ट्या बसवण्यासाठी. मेंढरं विकून ती मुलाकडे जाणार असं ठरलं. निघण्याआधी ती एकदा आली आणि वरून गाव दिसतं म्हणतात ते दाखवा म्हणाली. मी आकाशातून काढलेला नकाशा उघडला आणि तिची वस्ती शोधून दिली. माऊस तिने स्वतः घेतला. ओढा, विहीर, लिंबाचं झाड. मग काट्यांचं कुंपण घातलेला मेंढरांचा वाडा, आणि त्याच्या बाहेर सावलीच्या कडेनं पांढुरके ठिपके. तिने बराच वेळ पाहिलं. ज्वारी काढलेली हाय, म्हणजे फाल्गुन. सावली झाडाच्या बुडाशी हाय, म्हणजे दुपार. लिंबाची मागनं मोडलेली फांदी ह्यात अजून जागेवर हाय, म्हणजे दोन वर्षांमागचं. मग म्हणाली, “ही माझीच मेंढरं. दुपारची बसल्यात.”

तिने ठिपके मोजायचा प्रयत्न केला. मोठं केलं की ते पसरट होऊन विरून जायचे, लहान केलं की परत दिसायचे. तिने ते लहानच ठेवलं.

गेल्या थंडीत पुण्याला ती आजाराने गेली. भाच्याने फोन करून सांगितलं. तिच्या वस्तीच्या जागी आता निळ्या पट्ट्यांच्या रांगा आहेत, मी एकदा जाऊन पाहून आलो. नकाशावरचा फोटो मात्र अजून कुणी बदललेला नाही. वर्ग रिकामा झाला की कधीतरी मी तो उघडतो. लिंबाच्या बुडाशी सावली आहे, मेंढरं बसलेली आहेत, आणि वाड्याच्या तोंडाशी एक अगदी बारीक काळा ठिपका आहे. तो ती आहे की नुसता दगड, हे तिला विचारायचं राहून गेलं.