अठ्ठावीसचा गळा

मोशीच्या बापूंकडे इंजिनाची ताकद वाढवायला मोटरसायकल नेली, की ते आधी इंजिनाकडे बघतच नसत. मागच्या सीटवर बसायचे आणि म्हणायचे, "चल, रोज कामाला जातोस तसा जा." चाकणपर्यंत ट्रकांच्या मागे रखडत मी त्यांना नेलं. परत येईतो त्यांनी कार्बुरेटरचं माप ठरवून टाकलं होतं. हवा ओढायचा गळा अठ्ठावीस मिलिमीटरचा.

मी तोंड वाकडं केलं. वर्षभर ओव्हरटाइम करून मोठा पिस्टन घातला होता, आणि कंपनीत आमच्या लाइनवरची पोरं चौतीसचे कार्बुरेटर मिरवत होती. बापू म्हणाले, "निम्मा रस्ता तू दुसऱ्या गेअरात असतोस, राव. जाड नळीनं सरबत वढून बघ. दम लागतो, आन् तोंडात काय येत न्हाई."

स्वतः निवडलेला कार्बुरेटर बापू पुन्हा कधी मोजत नसत. पुढे फक्त पेट्रोल सोडणारे जेट बदलायचे, प्लगचा रंग बघायचे आणि डोळे मिटून आवाज ऐकायचे. सगळा भरवसा त्या कानावर.

मी लेथवर धातू कातायचं काम करतो. लेथवाल्याला कुठलंही भोक लहानच दिसतं. एका शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्या कार्बुरेटरचा गळा दोन मिलिमीटरनी वाढवला, वरवर बघून कळणार नाही असा. झालं, मूठ पिळली की गाडी आचके देऊन बसू लागली. बापूंकडे नेली, पण खरं सांगायला जीभ रेटेना.

तीन रविवार ते जेट बदलत राहिले. हेड उघडलं, पुन्हा बसवलं. चौथ्या रविवारी पाना खाली ठेवून पायरीवर बसले. "गाडीत काय न्हाई, भावा. माझा कान गेला."

"असं काही नाही हो, बापू," एवढंच मी म्हणालो. त्यानंतर त्यांनी कोणाचंच इंजिन हातात घेतलं नाही.

वर्ष गेलं. शिफ्टनी माणूस थकतोच, पण मी त्या लपवालपवीनं जास्त थकलो. शेवटी त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगून टाकलं. शिव्या खायची तयारी होती.

 बापूंनी विचारलं, "म्हंजे अठ्ठावीसच बरोबर व्हतं?"

"हो, बापू."

चेहरा क्षणभर उजळला त्यांचा. मग रिकाम्या शेडकडे बघत म्हणाले, "हत्यारं इकली की रं मी."