भाऊजींचा अँटिव्हायरस

जगात विश्वास ठेवण्याजोगी एकही वस्तू नाही, हे स्वतः हात घालून तपासलेले एकच गृहस्थ माझ्या ओळखीत आहेत, आणि दुर्दैवाने ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आहेत. भाऊजींची उभी हयात हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कापसाची पारख करण्यात गेली. गाडीतला वरचा कापूस त्यांनी कधी पाहिला नाही. खांद्यापर्यंत हात खुपसून तळातला ओढून काढायचे. "वरचा तं सारेच पांढरा ठेवतेत," म्हणायचे. निवृत्त होऊन वर्ध्याला लागून सिंदी मेघेला घर बांधले, पण तो हात काही बाहेर आला नाही. भाजीवालीची टोपली ते बुडापासून उपसतात. डॉक्टरला विचारतात, "हे औषध तुमच्या घरचे घेतेत का?" माझ्या घरी एकदा श्रीखंडाचे पातेले तळापासून ढवळून पाहिले आणि मगच वाटी पुढे केली. त्यांचे समाधान झाले, पण माझी बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्यांची मुलगी कॅनडात असते. तिला मुलगा झाला तेव्हा तिने आईवडिलांना कॉम्प्युटर घेऊन दिला आणि दर रविवारी सकाळी ताईला त्यात नातू दिसू लागला. शनिवारपासूनच ताईचे कामात लक्ष नसे. नातू सहा महिन्यांचा होता, नुकता बसायला लागला होता, आणि एका रविवारी ऐन बोलण्यात पडद्यावर लाल चौकट उगवली : तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे. भाऊजींनी तत्काळ नेटची वायर उपटली, कपाटात ठेवली, किल्ली खिशात टाकली. "चांगला अँटिव्हायरस भेटेपर्यंत हे बंद," त्यांनी जाहीर केले.

मग पारख सुरू झाली. वर्ध्यातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवाल्याला त्यांनी त्याच्याच मालाची निंदा करायला सांगितले. "आपल्या मालाले वाईट म्हणणारा एक दुकानदार दाखव, त्याचाच घेतो," असे ते मलाही ऐकवत. एका कंपनीच्या मदतक्रमांकावर त्यांनी पाऊण तास काढला आणि शेवटी पलीकडच्या मुलीलाच विचारले, "बाई, तुह्या घरी कोणता आहे?" फोन कट झाला, तेव्हा ती कंपनी बाद. समुद्रपूरला एका जुन्या सहकाऱ्याकडे एक अँटिव्हायरस दोन वर्षे नीट नांदतो आहे असे कळले, तर एस.टी.ने जाऊन दिवसभर त्या कॉम्प्युटरसमोर बसून आले. त्याला काहीच झाले नाही, याचाच त्यांना संशय आला. "व्हायरस आलाच नाई, तं यानं अडवलं कोणाले?"

हे मी हसत हसत लिहितो आहे, पण तेव्हा हसलो नव्हतो. आठ महिने गेले. ताईकडे बटणांचा फोन. त्यावर लेकीचा आवाज यायचा, पण नातू काय बोलणार? त्याला दात आले, तो रांगला, उभा राहिला. ताईला सगळे ऐकूनच कळले. मी माझा फोन घेऊन गेलो, म्हटले यावर बघ. तिने हात मागे घेतला. "नको रे. त्याहीले वाईट वाटन. शोधून राह्यले ना ते." मला भाऊजींचा राग आला आणि त्याहून जास्त ताईचा आला.

अखेर एक अँटिव्हायरस पसंत पडला. तो बसवायला आलेल्या माणसाने कॉम्प्युटर उघडून पाहिला आणि म्हणाला, "काका, यात तं पहिलेपासूनच आहे. कॉम्प्युटर आला तवापासून चालू आहे. ते लाल दिसलं ते जाहिरात होती."

"मंग मले कोणी सांगितलं काऊन नाई?"

"हा कॉम्प्युटर तुम्ही कोणाले दाखवलाच कुठं?"

त्या रविवारी मी मुद्दाम गेलो होतो. पडद्यावर नातू चालत आला, आमच्याकडे पाहिले आणि आईच्या मांडीत तोंड लपवले. ताई हाका मारत राहिली. भाऊजी पुढे झाले, घसा खाकरून मोठ्याने त्याचे नाव घेतले, आणि पोराने असा टाहो फोडला की मुलीला फोन बंदच करावा लागला. ताई म्हणाली, "होते असं. लहान आहे." पण ती बराच वेळ त्या काळ्या पडद्यासमोर बसून होती.

आता तो ताईला ओळखतो, हात हलवतो. भाऊजींचा आवाज आला की मात्र अजून ओठ काढतो. म्हणून दर रविवारी ते बाजूला, पडद्याच्या मागच्या अंगाला स्टूल टाकून बसतात. तिथून त्यांना नातू दिसत नाही आणि नातवाला ते दिसत नाहीत. उभ्या वर्ध्याची उलटतपासणी घेणारा हा माणूस तासभर एक शब्द बोलत नाही. परवा मीच म्हणालो, "भाऊजी, या ना समोर. रडला तर रडला."

त्यांनी तोंडावर बोट ठेवले आणि अगदी हळू म्हणाले, "थांब. हसून राह्यला तो."