पाटलांच्या मायचा चेहरा

१९५९, दिवाळीच्या आधीचा आठवडा. अकोल्यातला एक फोटो स्टुडिओ. चित्राचे साठ रुपये, आगाऊ दिलेले. हजर चौघं: स्टुडिओचे मालक, बार्शीटाकळीकडचे एक पाटील, त्यांचा गडी आणि मी.

पाटलांच्या वारलेल्या आईचं मोठं चित्र मी केलं होतं. लग्नाच्या जुन्या फोटोत तिचा चेहरा हरभऱ्याएवढा. तो काळ्या भुकटीनं कागदावर हातभर मोठा करायचा. काम शिकताना सुरुवातीला मी एकेक केस रेघेनं काढायचो. झाडूच्या काड्या दिसायच्या. पुढे समजलं. आधी कापसाच्या बोळ्यानं केसांची सावली पसरायची, तिच्यातून खोडरबरानं उजेड काढायचा, कानशिलाजवळ दोन-तीनच केस सुटे सोडायचे. नाकालाही रेघ नाही. नुसती एका बाजूची सावली.

पाटील चित्रासमोर रडले. "माही मायच बसून हाये न इथं! कोनं काढलं?"

आनंदाच्या भरात मालकांनी मला पुढे केलं.

"कोनाचा बे तू?"

"बौद्ध."

"म्हंजे तेच ना?" पाटील हसले. मग हसू गेलं. "देवघरात लावाचं हाये हे. गोमूत्र आन रे."

गडी शेजारच्या गोठ्यातून वाटी घेऊन आला. चित्राला काच अजून बसवायची होती.

"पाटील, भुकटी हाये. ओघळन," मी म्हणालो.

"तू बोलू नको."

त्यांनी शिंपडलं. भांगातून थेंब निघाला. कपाळ, डोळा, ओठ. काळा ओघळ हनुवटीपर्यंत. पाटलांनी धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतलं, आणि तोंडच गेलं.

मी उभा. हात मागे. महिनाभर ती बाई माझ्या डोळ्यांत होती. मला तिला वाचवता आलं नाही.

"कच्चं काम केलं यानं," पाटील म्हणाले आणि गेले.

मालक म्हणाले, "पुन्हा काढ. मी काढलं म्हनून सांगतो. तू आतच राय."

घरी बायको, दोन लेकरं. तरी नाही म्हणालो. इतकं हळू, की मालकांना पुन्हा विचारावं लागलं.

"कावून? का नाही?"

"म्या काढलं ते म्याच काढलं."

नोकरी गेली. पाटलांना साठ रुपये परत मिळाले. मालकांनी कागदाचे तीन रुपये कापले आणि उरलेला पगार हात न लागेल असा वरून माझ्या ओंजळीत टाकला.

आता अमरावतीत घरीच चित्रं काढतो. कोऱ्या कागदावर गिऱ्हाईकासमोर आधी माझं पूर्ण नाव लिहितो. मग चेहरा. ज्याला ते नाव चालत नाही, त्याच्या मेलेल्या माणसाला माझ्या हातून तोंड मिळणार नाही.