श्रीरंगची लादादिका

मंजूचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरात, वुडलँड्सच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाऊगल्लीत, कॉफीच्या रांगेत होते. पुलाउ उबीन बेटावर सायकल चालवताना श्रीरंग कोसळला, बोटीने इकडे आणेपर्यंत सगळं संपलं होतं. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "बरोबर कोण होतं?" सख्ख्या धाकट्या बहिणीचा नवरा गेल्याचं कळल्यावर कोणी असं विचारतं का? मी विचारलं. "कोणी नव्हतं गं, ताई," एवढंच ती म्हणाली. पाच आठवडे झाले, तो प्रश्न मला अजून टोचतो.

संशय हा माझा जुना आजार. श्रीरंग जहाजावर चीफ इंजिनियर, वर्षातले सहा-आठ महिने समुद्रावर. सुट्टीवर आला की त्यांच्या बुकित पंजांगच्या फ्लॅटवर आम्ही जेवायला जमायचो. तो काकडी किसून, घट्ट दह्यात लसूण आणि ऑलिव्ह ऑइल घालून कोशिंबीर करायचा आणि ग्रीसमधल्या थेसालोनिकी बंदराजवळच्या लादादिका नावाच्या भागाचं वर्णन सुरू करायचा. तेलाच्या जुन्या वखारी, त्यांत आता थाटलेल्या खाणावळी, रस्त्यावर मांडलेली टेबलं, कोपऱ्यावर गाणी वाजवणारा म्हातारा, आणि निळ्या दाराची ती खाणावळ, जिची मालकीण ताटात काही टाकलं की रागावते... "मंजू, रिटायर झालो की आठ दिवस तिथेच राहू," हा शेवट ठरलेला. बाकीचे मिटक्या मारत ऐकायचे, मी मात्र त्या मालकिणीपाशी अडकले. इंटरनेटवर शोधलं तर तो भाग एके काळी बदनाम वस्ती होता, असंही सापडलं. झालं! आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला.

मी मंजूला स्वयंपाकघरात गाठलं. "परक्या बंदरातल्या बाईचा स्वभाव तुझ्या नवऱ्याला इतका पाठ कसा गं? डोळे उघडे ठेव." ती हसली. पण पुढच्या वेळी लादादिका सुरू होताच उठून भांडी घासायला गेली. असं दोन-तीनदा झाल्यावर श्रीरंगने तो विषयच सोडला. निवृत्त झाल्यावर त्याने ग्रीसच्या तिकिटांचा विषय काढला, तेव्हा मंजूने माझ्यादेखत साफ सांगितलं, "तुझं बघून झालंय ना? मला नाही यायचं." तो काहीतरी बोलायला गेला, पण ही ऐकायला थांबली नाही. त्यानंतर तो रविवारी एकटाच उबीनला जाऊ लागला. त्यावरही मी संशय घेतलाच...

गेल्या शनिवारी त्याच्या हाताखाली सेकंड इंजिनियर असलेले रत्नागिरीकडचे एक गृहस्थ भेटायला आले. मंजू समोरच बसली होती. मला राहवेना. "लादादिकाला तुम्ही दोघं बरोबर जायचात ना?"

"सर? छे हो! सर तिथे कधी उतरलेच नाहीत. बंदरातही कोणाला तरी इंजिनरूम सांभाळावी लागते. सर माझी ड्यूटी स्वतःवर घ्यायचे आणि मला पाठवायचे. अट एकच, आल्यावर सगळं सांगायचं. काय खाल्लं, कोण काय बोललं, अगदी दाराचा रंगसुद्धा."

दर्यावर्दी एकमेकांना सांभाळून घेतात, हे मला ठाऊक आहे. मी पुन्हा खोदून विचारलं, "आणि ती निळ्या दाराची मालकीण?"

गृहस्थ चक्क लाजले. "सत्तरीची आजी ती. वांगी टाकली म्हणून मलाच रागावली होती. काकडीची कोशिंबीर मला तिनेच शिकवली, मी सरांना. मी म्हणायचो, सर, एकदा तरी चला. तर म्हणायचे, 'घाई नाही. जायचं आहेच.'"

ते गेले. "चुकलं गं माझं," मी मंजूला म्हटलं. श्रीरंगची माफी मागायची वेळ तर निघूनच गेली, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहिते आहे, मी त्याची अपराधी आहे.

मंजूने मान वर केली. "ताई, तो मला स्वतः बघितलेलं दाखवायला नेत नव्हता. आम्ही दोघंही पहिल्यांदाच बघणार होतो."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो सोडवून घेतला, आतून माझी पर्स आणून दिली आणि म्हणाली, "आज तू घरी जा."