आईच्या हनुवटीवरचं गोंदण

गौलीगुड्यातल्या एका दुकानात बसून मी लग्नपत्रिका करते आणि नवऱ्या मुलींचे फोटो साफ करते. मुरूम, वण, डोळ्यांखालचं काळं, काहीच ठेवायचं नाही, हा आमचा शिरस्ता. हात इतका बसलाय की चेहरा समोर आला रे आला, ब्रश आपसूक चालायला लागतो. तिथंच घात झाला.

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला मोठा फोटो हवा, असा बाबांचा हट्ट. आणि आईला फोटोचा कोण तिटकारा! कॅमेरा दिसला की पदर तोंडावर. आबिड्सच्या एका स्टुडिओत बाबांनी बळेच काढवून घेतलेला एकच फोटो होता, तोही भिंतीच्या ओलीनं डागाळलेला. तो मी घरच्या कॉम्प्युटरवर घेतला आणि सगळे डाग पुसून टाकले. काय उजळला चेहरा! स्वतःवरच खूश होऊन बाबांना हाक मारली.

बाबा स्क्रीनला नाक लावून बघत राहिले. "बाई छान आहे," म्हणाले. "पण ही कोण?"

मी चिडलेच. "कोण म्हणजे? आई आहे!"

"हौ, असेल." ते पलंगावर जाऊन बसले. मग हळूच म्हणाले, "मला तुझ्या मायचा चेहरा आठवेनासा झालाय गं. डोळे मिटले की चालणं दिसतं, पदर दिसतो. तोंडच येत नाही. म्हणून तर फोटो मागत होतो."

मला आपलं वाटत होतं, श्राद्धाची घाई आहे. पुन्हा नीट बघितलं, तर हनुवटी कोरी! आईचं ठिपक्याचं गोंदण मी ओलीचा डाग समजून पुसलं होतं. मूळ फोटोत त्या जागी ओल आणि गोंदण असं एकमेकांत मिसळलं होतं की वेगळं काढायची सोयच नव्हती. आता नव्यानं रेखायचं तर हातानंच.

ब्रश घेतला, तर मेला उमटेचना. रंग बदलला, सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं, शिव्या घालून झाल्या. शेवटी दिसलं, आधी साफ करताना मीच गालाभोवती सिलेक्शन करून ठेवलं होतं. ब्रश त्याच्याबाहेर चालणार कसा? ते हटवलं. ठिपका उमटला, पण टिकली चिकटवल्यासारखा.

"वरून लावलेलं नव्हतं ते," मागून बाबा म्हणाले. "कातडीच्या आत होतं."

खरंच की! ब्रशची कडा मऊ केली, काळा रंग हिरवट केला, मोड मल्टिप्लायवर नेला, म्हणजे खालची त्वचा रंगातून दिसते. आता कुठं ते गोंदण वाटायला लागलं. तरी बाबांची मान हलेना.

"त्याला खाली शेपूट होतं. गोंदणारीण सुई टोचत होती आणि ही पोर पळायला बघत होती. हलली, अन् ठिपका ओघळला. लग्नानंतर मी चिडवायचो, तर हनुवटी पदरात लपवायची."

हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. मी शेपूट काढायला गेले, तर ते पत्रिकेवरच्या वेलीसारखं सुबक यायचं. पुसायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा तेच. वैतागून म्हटलं, "घ्या, तुम्हीच काढा!" टॅब्लेटवरचा पेन त्यांच्या हातात दिला आणि नेमक्या ठिपक्यावर नेऊन टेकवला.

बाबांचा हात थरथरतो. कपातला चहा बशीत सांडतो. तरी स्क्रीनवर रेघ आली ती गुळगुळीत. मी चक्रावले. मग ट्यूब पेटली. स्मूदिंग! हाताची थरथर गाळून रेघ सरळ करणारं सेटिंग. दुकानाच्या कामासाठी मी ते कायम वर चढवून ठेवते. ती रेघ पुसून ते शून्यावर आणलं.

"आता काढा, बाबा."

पेन टेकला, हात हलला आणि ठिपक्याखाली बारीकसं, वेडंवाकडं शेपूट उमटलं. सवयीनं माझं बोट रेघ मागे घेणाऱ्या अन्डूच्या बटणाकडे गेलं. बाबांनी माझं मनगट धरलं.

"हात नको लावू. आली ती."

मी फोटो लहान करून पूर्ण चेहरा दाखवला. मला रडू आवरत नव्हतं. बाबांचं मात्र माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी बोट स्क्रीनवरच्या हनुवटीपाशी नेलं आणि हसत तिला म्हणाले, "आता लपव बघू पदरात."